घास पडला की गाणं हळू होतं: जात्यावरची ओवी रिदम गेममध्ये जाताना काय काय झालं

गेमच्या टेस्टिंगचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा जवळपास सगळ्यांची एकच तक्रार होती. गाणं भारी, आवाज भारी, पण चार्ट, म्हणजे कुठल्या ठोक्याला बोट टेकवायचं ती मांडणी, ऑफ आहे. बरोबर ठोक्यावर बोट पडलं तरी मिस येतो, आणि सगळीकडे नाही तर ठराविकच जागी येतो, तिथून पुढं सगळंच मागं पडलेलं असतं आणि नवीन कडवं सुरू झालं की आपोआप जागेवर येतं. एकाने तर लिहिलं होतं की ऑडिओ फाइल करप्ट आहे का बघा एकदा. फाइल नीट होती. गाण्याची लयच हलत होती, आणि ती का हलते हे गाण्यामागची गोष्ट माहीत असल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. ते सगळं प्रकरण इथं लिहून ठेवतोय, कारण आपल्याकडची गाणी घेऊन अजून कुणी पोरं-पोरी या लाइनीत उतरणार असतील तर त्यांच्यापुढं हाच प्रश्न येणार.

नावं कुणाचीच देत नाही. गेमच्या क्रेडिटमध्ये सगळ्यांची आहेत, पण इथं गावाचं नाव टाकलं की परवा कुणीतरी यूट्यूबर कॅमेरा घेऊन आजीच्या ओसरीवर येऊन बसणार हे नक्की. गाणं जिचं आहे ती माझ्या मित्राची मोठी बहीण, म्हणून ताई. तिची आजी ती आजी. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगराला लागून, धारूर-केज पट्ट्यात. ताई अंबाजोगाईला शिकवते आणि उरलेल्या वेळात खोलीत बसून लॅपटॉपवर गाणी करते. मी संभाजीनगरला नोकरी करतो आणि रात्री चार्टिंग करतो, म्हणजे गाणं ऐकून कुठल्या ठोक्याला खेळणाऱ्याने कुठं बोट टेकवायचं ते मांडायचं काम. गेम मोबाइलवरचा, स्टुडिओ बाहेरदेशातला, बोटावर मोजण्याइतकी माणसं.

असं गाणं गेममध्ये जातं कसं

रिदम गेम म्हणलं की आपल्याकडं बहुतेकांना २०१४ ची ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पियानो टाइल्स आठवते, एसटीत बसून सगळे तेच खेळायचे. पण प्रकार जुना आहे. १९९६ ला प्लेस्टेशनवर पॅरापा द रॅपर आला, १९९७ ला कोनामी या जपानी कंपनीचा बीटमेनिया, पुढच्याच वर्षी पायाने खेळायचा डान्स डान्स रेव्होल्यूशन. कोनामीच्या या गेममधली लै गाणी त्यांच्याच संगीतकारांनी गेमसाठीच बनवलेली, कॉम्प्युटरवर, पक्क्या बीपीएमवर (मिनिटाला किती ठोके तो आकडा), त्यामुळे तिथं गाणं आणि चार्ट एकाच घरचे असतात, भांडण होत नाही. मुद्दाम लय बदलणारी गाणीही तिथं आहेत, त्याला खेळणारे सोफ्लान म्हणतात, निम्मे लोक त्यावर जीव टाकतात आणि निम्मे शिव्या घालतात. पण तोही बदल आधी ठरवून केलेला असतो, आकड्यात लिहिलेला असतो.

बाहेरचं गाणं आणलं की गोष्ट वेगळी. छोट्या बँडची गाणी सुरुवातीला बहुतेक ओळखीतूनच आत गेली. बोस्टनच्या फ्रीझपॉप बँडचा एक मेंबर हार्मोनिक्स या गेम कंपनीतच कामाला होता, त्यामुळे २००१ च्या फ्रीक्वेन्सी गेमपासून गिटार हिरो, रॉक बँडपर्यंत त्यांची गाणी येत राहिली. मग २०१० ला हार्मोनिक्सने रॉक बँड नेटवर्क उघडलं आणि बँडने स्वतःच आपल्या गाण्याचा चार्ट करायचा, बाकीच्या मेंबरांनी तो खेळून तपासायचा आणि मग तो विकायला ठेवायचा अशी सोय झाली. २००७ पासून चाललेल्या ओसू या रिदम गेममध्ये तर मॅप, म्हणजे चार्टच, खेळणारेच बनवतात, आणि ज्या कलाकारांकडून रीतसर परवानगी घेतलीय त्यांची वेगळी यादीच आहे. आमचंही ओळखीतलंच. मी आधीपासून या स्टुडिओसाठी चार्ट करत होतो, त्यांनी विचारलं की तुमच्या भाषेतलं काही आहे का, पिक्चरचं नको, स्वतः बनवणाऱ्या कुणाचं तरी, आणि मी ताईचं गाणं पाठवून दिलं. त्यांना ते पहिल्यांदा ऐकल्या ऐकल्या आवडलं. अडचण पुढं सुरू झाली.

गाण्यामागची गोष्ट

ताईचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली असायची ती फेडायला कोयता निघायचा, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि परत यायचे ते उन्हाळा लागता लागता. कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. ताई आणि तिचा भाऊ आजीजवळ. बीड जिल्ह्यात ही गोष्ट इतक्या घरांची आहे की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं ताईला स्वतःलाच लै वर्षं वाटलं नव्हतं.

गावात पिठाची गिरणी होती, तरी आजीचं जातं बंद पडलं नव्हतं, त्याला कारण लोडशेडिंग. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी खेड्यात काढलीत त्यांना सांगायची गरज नाही, लाइट दिवसाकाठी बारा-बारा तास नसायची, गिरणीवाला डबे ठेवून घ्यायचा आणि लाइट आली की दळून ठेवायचा, पण संध्याकाळी भाकरीला पीठच नसलं तर काय करणार. म्हणून आजी पहाटे उठून दोन वेळचं तरी हातानं दळून ठेवायची. मालदांडी ज्वारी, कधी डाळीचा भरडा. ताई आणि तिचा भाऊ जात्याच्या आवाजानं जागे व्हायचे, आणि आई इथं नाही हे त्या आवाजानंच रोज पहिल्यांदा आठवायचं, कारण आई घरी असली की खुंट्याला दोघी बसायच्या आणि जातं वेगळं वाजायचं. दोघींचं जलद, एकटीचं संथ. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी म्हणलं ताई हेच गाण्यात का नाही लिहिलं, तर म्हणाली, "लिहायचं कशाला, ऐकू येतंय की."

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ताई गावी अडकली होती. गिरणी बंद, जातं पुन्हा बाहेर निघालं. एका पहाटे तिने फोन सुपाच्या पलीकडं ठेवला आणि रेकॉर्ड केलं. मागं कोंबडा आहे, लांब कुणाची तरी मोटार सुरू होताना ऐकू येते. आजीच्या ज्या दोन ओळी गाण्यात आल्या त्या अशा:

पहाटंच्या पारी गं, जातं घरघर बोलतं
उसाच्या फडाकडं, माझं काळीज चालतं

या रेकॉर्डिंगवर ताईने गिटार वाजवली, मग बेस, एक सिंथ, आणि स्वतःची तीन कडवी. तिची कडवी अगदी आजच्या पॉपसारखी आहेत, साधी, बोलल्यासारखी, त्यात जातं-बितं कुठंच नाही. एक पोरगी आहे, तिला व्हिडिओ कॉलवर आई दिसते, मागं उसाचं रान, नेटवर्क अडकतं आणि आईचा चेहरा तोंड अर्धं उघडं असताना तसाच थांबतो, बस एवढंच. ड्रम नाहीत. ड्रमच्या जागी जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लिक नाही. क्लिक म्हणजे रेकॉर्डिंग करताना कानात वाजत राहणारी टिक-टिक, जिच्यामुळे सगळे एका लयीत राहतात. ताईने क्लिक लावलाच नाही, ती आजीच्या जात्यामागं वाजवत गेली. आजी हळू झाली की गिटारही हळू, आजीनं वेग घेतला की गिटारही.

ऐकताना हे खटकत नाही, उलट त्यातच मजा आहे. पण गेमला ऐकता येत नाही, त्याला फक्त मोजता येतं.

मोजल्यावर काय दिसलं

गाण्याचा मूळ वेग ८४ बीपीएम. जात्याच्या एका फेऱ्यात दोन ठोके पडतात, एक खुंटा ओढताना आणि एक ढकलताना, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ फेरे. ८४ ला एक ठोका ७१४ मिलिसेकंदांचा. पण काही काही ठिकाणी चार ठोके ७८ च्या आसपास पडत होते, आणि ७८ ला एक ठोका ७६९ चा. फरक ५५ मिलिसेकंद, कानाला धड कळतसुद्धा नाही. आता गेमचा हिशेब बघा. आमच्या गेममध्ये 'परफेक्ट' मिळायला ठोक्याच्या आगे-मागे ४५ मिलिसेकंदांची मुभा आहे. ही काही फार कडक नाही, ओसूमध्ये काटेकोरपणाची पातळी ५ ठेवली तर ही मुभा ५० च्या आसपास असते आणि ८ ला नेली तर ३२ च्या. म्हणजे पहिल्याच जड, म्हणजे हळू पडलेल्या, ठोक्याला खेळणारा ५५ नं मागं, दुसऱ्याला ११०, चौथ्याला २२०. त्यानं बोट गाण्यावर बरोबर टेकवलेलं असतं. गेम म्हणतो चुकलास.

पहिला चार्ट स्टुडिओच्या सॉफ्टवेअरनं काढलेल्या टायमिंगवर बसवलेला होता. त्या सॉफ्टवेअरनं अख्ख्या गाण्याला ८४ धरला आणि प्रत्येक कडव्याच्या तोंडाशी घड्याळ पुन्हा जुळवून घेतलं. म्हणूनच टेस्टर म्हणत होते की मध्येच निसटतं आणि कडवं सुरू झालं की जागेवर येतं.

बरं, क्लिकशिवायची गाणी गेममध्ये येतच नाहीत असं काही नाही. २००७ च्या रॉक बँडमध्ये जुन्या जमान्यातली रॉक गाणी होती, ती माणसांनी एकत्र उभं राहून वाजवलेली, लय पुढं-मागं होणारच. तिथं टेम्पो मॅप करतात, म्हणजे गाण्याच्या प्रत्येक मापाला त्याचा त्याचा वेग लिहून द्यायचा, गाणं जसं चाललंय तशी ठोक्यांची ग्रीड वाकवायची. ओसूतही तेच, वेग बदलला की टाइमलाइनवर लाल रेघ टाकायची. काम किचकट आहे पण अशक्य नाही. मी तेच करायला बसणार होतो. तेवढ्यात स्टुडिओच्या साउंडवाल्यानं सोपा उपाय काढला.

गिरणी

त्याने गाणंच सरळ केलं. प्रत्येक जड जागा ताणून-आवळून बरोबर ८४ वर आणून बसवली आणि फाइल पाठवली, सोबत चांगलं बोलून, की बघा आता कुठलंही टूल चालेल, फोनवर लोड कमी, सगळ्या लेव्हल झटपट होतील. आणि त्याचं म्हणणं धंद्याच्या बाजूनं चुकीचं नव्हतं हे मी आजही म्हणतो. तीन-साडेतीन मिनिटांच्या एका गाण्यासाठी कोण किती वेळ घालणार.

ताईनं ती फाइल ऐकली, पहिला अर्धा मिनिट काही बोलली नाही, मग म्हणाली, "अरे ही तर गिरणी झाली."

खरंच झाली होती. जात्याचा आवाज म्हणजे नुसता ठोका नसतो, एक अखंड घरघर असते आणि तिच्यावर ओढ-ढकलीचा उठाव असतो. ती घरघर सॉफ्टवेअरनं आवळली की तिला एक पत्र्यासारखी किणकिण चढते, आणि सगळे फेरे सारखे झाले की माणूस दळतोय हे ऐकू येणंच बंद होतं. आजीच्या 'चालतं' मधला शेवटचा 'तं' मूळ रेकॉर्डिंगमध्ये लांबत जाऊन श्वासात विरतो, या फाइलमध्ये तो कापल्यासारखा थांबत होता. ताईनं स्पष्ट सांगितलं की असं जाणार असेल तर गाणं देत नाही. स्टुडिओनं सांगितलं की मग टायमिंगचं तुम्हीच काहीतरी करून द्या, पण टेस्टरच्या तक्रारी बंद झाल्या पाहिजेत, आणि दोन्ही बाजू माझ्याकडं बघायला लागल्या.

टेम्पो मॅप टाकायचा तर कळायला पाहिजे की लय नेमकी कुठं आणि का पडते. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, बघून मला जागा सापडत होत्या पण त्यांच्यात ताळमेळ दिसत नव्हता. एकदा आठ फेऱ्यांनंतर पडायची, एकदा दहा, एकदा नऊ. माणूस दमला की हळू होतो म्हणावं तर शेवटाकडं जास्त हळू व्हायला पाहिजे होतं, तसंही नव्हतं. मग ताई म्हणाली, चल गावाकडं, आजीलाच विचार.

ओसरीवर

आजीनं पहिलं चहा पाजला आणि मग विचारलं की तू नेमकं करतोस काय. मी फोनवर गेम लावून दाखवला. त्या दोन मिनिटं बघत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी गाणं वाजायलंय अन् तुमी टिचक्या मारायलाव." यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

मग जातं मांडलं. खाली पोतं, शेजारी सुपात ज्वारी. आजीचा उजवा हात खुंट्यावर, डावा सुपात. उजवा थांबतच नाही. डावा मूठ भरतो, जात्याच्या तोंडात सोडतो, परत सुपाकडं जातो. ती मूठ म्हणजे घास. मी फोनमध्ये तेच रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं आणि समोर जातं चालू होतं, आणि कळायला वेळ लागला नाही. घास पडला की पुढचे दोन फेरे जड. दाणा अख्खा असतो, दगडाखाली रुळायला त्याला वेळ लागतो, दोन फेरे झाले की तो फुटतो आणि जातं परत हलकं होतं. दोन फेरे म्हणजे चार ठोके. माझ्या आकड्यातले चार ठोके ते हेच.

आणि ओवीची ओळ तिथंच संपते. मूठ सोडताना आजी गात नाही, श्वास घेते. ओळीचं शेवटचं अक्षर लांबतं कारण हात जड झालेला असतो, ते काही गळ्याचं सजवणं नाही. घास किती फेऱ्यांनी पडणार हे दाणा किती मोठा, मूठ किती भरली, पीठ कसं पडतंय यावर, म्हणून कधी आठ कधी दहा.

मी विचारलं, आजी, जातं सगळं एकाच वेगानं फिरवता येईल का, घास घातला तरी. त्या हसल्या. "येतंय की. घास नाही घातला की येतंय. पर मग दगडावर दगूड घासायलाय लेकरा, पीठ कुठनं पडल?"

जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की जातं आता पहिल्यासारखं राहिलं नाही, दाणा निसटतो, टाकी लावायला, म्हणजे दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायला, झालीय आणि टाकी लावणारे आता दारावर येत नाहीत. पहिलं ओरडत यायचे. मी त्याची नोंद केली कारण चार्टिंगला तेही कामाचं निघालं. टाकी बोथट असली की घास पडल्यावर घरघरीत एक खरखर येते, आणि रेकॉर्डिंगमध्ये जड जागा शोधायला तीच खूण धरली.

चार्ट नव्यानं

परत आल्यावर रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं तर प्रत्येक जड जागेच्या जरा आधी दाणे पडल्याचा बारीक खळ्ळ आवाज होता. सगळीकडे. तो गिटारखाली दबलेला, पण आहे. ताईला म्हणलं हा आवाज मिक्समध्ये थोडा वर आण. बाकी गाण्याला हात लावायचा नाही.

मग चार्टची मांडणी अशी केली. टेम्पो मॅपमध्ये प्रत्येक घासाला वेग बदलायची रेघ, आणि चार ठोक्यांनी परत. पण नुसतं तेवढं करून भागत नव्हतं, कारण ग्रीड बरोबर झाली तरी खेळणाऱ्याच्या अंगात ८४ चा वेग बसलेला असतो, तो पहिल्या जड ठोक्याला लवकरच बोट टेकवणार. त्याला आधी कळायला पाहिजे. म्हणून दाणे पडण्याच्या त्या आवाजावरच एक नोट, म्हणजे बोट टेकवायची खूण, ठेवली, वेगळ्या रंगाची, डाव्या बाजूच्या लेनमध्ये, कारण आजीचा घासाचा हात डावा. आणि जड चार ठोक्यांवर टॅप काढून टाकले, त्या जागी एक लांब नोट, बोट दाबून धरून ठेवायची. लांब नोटमध्ये पकडायची वेळ काटेकोर असते पण सोडायच्या वेळेला बहुतेक गेम ढील देतात, आमचाही देतो, त्यामुळे मधल्या मिलिसेकंदांचा प्रश्नच उरत नाही. डाव्यानं घास टाकायचा, उजव्यानं धरून ठेवायचं, हलकं झालं की परत टॅप.

अवघड लेव्हलला मात्र मी ते चार ठोके टॅपच ठेवले. तिथं खेळणारे ओरडले, आणि मग खेळत राहिले.

एका गोष्टीवर साउंडवाल्याशी जरा वाजलं. बऱ्याच गेममध्ये बीपीएम बदलला की वरून येणाऱ्या नोटांचा वेगही बदलतो, म्हणजे जड जागेला नोटा डोळ्यांनासुद्धा हळू येताना दिसतील. त्याला ते पाहिजे होतं, दिसायला भारी दिसतं म्हणून. मी म्हणलं नको, वेग कानानं कळू दे, डोळ्यानं कळला की लोक ऐकणं सोडून देतात. शेवटी स्क्रोल एकसारखा ठेवला. हा माझा हट्ट होता, तांत्रिक कारण काही नाही.

दुसऱ्या टेस्टिंगला त्या जागांच्या तक्रारी जवळपास गेल्या. ब्लूटूथ हेडफोनवाल्यांच्या राहिल्या, पण त्यांचं दुखणं वेगळं, तिथं आवाजच शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि कॅलिब्रेशन, म्हणजे तो उशीर गेममध्ये धरून घेतल्याशिवाय, कुठलंच गाणं जुळत नाही. एका टेस्टरनं लिहिलं होतं की डावी नोट दाबली की गाणं खरंच माझ्यामुळे हळू होतंय असं वाटतं. त्याला जात्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

ओवी कुणाची

हे सगळं चालू असताना कागदपत्रांचा फॉर्म आला. शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, रेकॉर्डिंग कुणाचं, सगळ्यांच्या सह्या. ताईनं कडव्यांना स्वतःचं नाव टाकलं आणि ओवीच्या दोन ओळींपुढं पारंपरिक असं लिहून मोकळी झाली. कुणीही हेच लिहिलं असतं. जात्यावरच्या ओव्या म्हणजे पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या, कुणा एकीच्या नाहीत, असंच आपण शाळेपासून ऐकलेलं. त्यांचा एक लाखाच्या वरचा संग्रह गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून उभा राहिलाय, त्यात आपल्या परभणी-बीडच्या बाया आहेत, माजलगावच्या भीमनगरात १९९६ ला रेकॉर्ड केलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. तिथं एक गोष्ट चांगली केलीय, ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं.

फॉर्म वाचून दाखवला तेव्हा आजी म्हणाल्या, "जुनी कशी? उसाचा फड माझ्या आयच्या ओवीत नव्हता. ही म्या जोडलीय." आणि बरोबरच आहे, ओवीचा साचा जुना, पण उसाच्या फडाकडं जाणारं काळीज त्यांच्या घरातलं. म्हणजे त्या दोन ओळींच्या गीतकार आजी. शिवाय गाणाऱ्याही त्याच, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा वेगळा हक्क आहे, कलम ३८, मुदत ५० वर्षं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ३८ब नं आपलं नाव लावून घ्यायचाही हक्क आहे. स्टुडिओला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं, पण सांगितल्यावर त्यांनी कुरकुर केली नाही, त्यांना उलट बरंच वाटलं, कारण पारंपरिक लिहिलेल्या गाण्यावर उद्या कुणी तिसराच दावा करत आला तर गेममधून गाणं काढावं लागतं.

पैसे एकरकमी होते, फार नव्हते, ताईनं निम्मे आजीच्या खात्यावर टाकले. नाव कसं पाहिजे विचारलं तर आजींनी सासरचं आडनाव सांगितलं आणि जरा थांबून माहेरच्या गावाचं नाव पण टाका म्हणाल्या. क्रेडिटमध्ये जागा होती, टाकलं.

आता

गाणं गेममध्ये आहे. हिट वगैरे काही झालेलं नाही, यादीत मधे कुठंतरी आहे, पण स्टुडिओ सांगतो की लोक ते अर्ध्यात सोडत नाहीत. ताई आता अंबाजोगाईत कधी स्टेजवर गाते तेव्हा जात्याचं रेकॉर्डिंगच मागं लावते, एकदा ड्रमवाला घेऊन बघितला तर तो घासाच्या जागी पुढं निघून गेला, दोनदा सांगूनही गेला. तिनं त्याला सांगितलं की तू चार ठोके वाजवूच नकोस, तेव्हा कुठं जमलं.

पुढच्या गाण्याचं बोलणं चालू आहे. ते हलगीवर आहे, आणि हलगी पडत नाही, चढत जाते, वाजवणारा रंगात आला की कुठं जाऊन थांबेल ते त्यालाच ठाऊक नसतं. साउंडवाल्यानं विचारलंय की साधारण किती बीपीएमपर्यंत जाईल ते आधी कळवा. ताईनं उत्तर दिलंय की कुणाच्या वरातीत वाजतेय त्यावर आहे.